धामणीच्या लाकडातली रेघ

दुपारची भांडी घासून झाली की रुचिकाला झोप यायची, आणि रुचिका झोपली की निलमचा स्वतःचा वेळ सुरू व्हायचा. मधल्या खोलीच्या तुळईला झोळी टांगलेली होती, सासूच्या जुन्या लुगड्याची. झोळीची दोरी निलम आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधायची. पाय आपोआप हलत राहायचा, पोर झुलत राहायची आणि दोन्ही हात मोकळे. त्या हिवाळ्यात त्या मोकळ्या हातांत एक लाकूड होतं.

कैनाडच्या वरच्या अंगाला, चिकूच्या वाड्या संपून डोंगराची चढण लागते, तिथल्या पाड्यावर हे घर. भात झोडून झालेलं, पेंढा रचलेला, अंगण सारवलेलं. निलमचा नवरा अमृत अच्छाडला हायवेवर ट्रकच्या टायरच्या दुकानात कामाला होता. सकाळी मोटरसायकलवरून जायचा, दिवेलागणीला यायचा, अंगाला रबराचा वास घेऊन. घरात सासू बुधीबाई, सासरा लडक्या, एक लेक आणि दोन शेळ्या. मला इथं काही कमी नाही, असं निलम माहेरी फोनवर सांगायची आणि ते खरंच होतं.

लाकूड सासऱ्याचं. चुलीवरच्या माळ्यावर त्यानं ते वर्षानुवर्षं धुरात ठेवलेलं. धामणीचं. डोंगरातल्या बांधावरचं ते झाड वादळात पडलं तेव्हा अमृत शाळेत होता, आणि इथली जमीन हलते हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. काही वर्षांपूर्वी डहाणू-तलासरीच्या ह्या पट्ट्यात धक्के सुरू झाले, तेव्हा अख्खा पाडा ताडपत्र्यांखाली झोपला. मग थंडी आली, मग पाऊस आला, मग कंटाळा आला. लोक घरात परतले. हल्ली जमिनीतून बैलगाडी गेल्यासारखा आवाज यायचा, मडक्यावरचं झाकण थरथरायचं, कुत्री भुंकायची, बुधीबाई "गेला" म्हणायची आणि भाकरी उलटायची. अमृतनं हौसेनं बांधलेल्या मागच्या विटांच्या भिंतीला मात्र तडा गेला होता. तो दिवाळीला मातीनं बुजवायचा आणि होळीपर्यंत पुन्हा दिसायचा. बाकीच्या भिंती कुडाच्या. त्या हलायच्या आणि जागच्या जागी उभ्या राहायच्या.

ह्या घरात एक पद्धत होती. पोराला भिंतीला धरून उभं राहू द्यायचं नाही. पहिल्यांदा उभं राहायचं ते धनुष्याला धरून. घरच्या लाकडाचं, घरच्याच हातानं केलेलं नवं धनुष्य आजोबानं अंगणात आडवं धरायचं आणि पोरानं ते पकडून उठायचं. लडक्या तसाच उठला होता, अमृतही. पण लडक्याच्या उजव्या हातावरून वारं गेलं होतं. अमृत ट्रकचं टायर बघता बघता उतरवायचा, पण लाकडापाशी त्याचा धीर सुटायचा. आणि रुचिका तर आता रांगत जाऊन शेळीचा पाय धरायची आणि ढुंगण वर करायची. बुधीबाई दिवसभर तिला भिंतींपासून लांब ओढत बसायची. शेळी पळून जाते म्हणून बरं, नाहीतर ही शेळीला धरून उभी राहील आणि पाड्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं ती म्हणायची.

तेव्हा काम निलमकडे आलं. सांगणं सासऱ्याचं, हात सुनेचे.

माळ्यावरून लाकूड खाली काढलं तेव्हा अमृतला हसू आवरेना. शेळीचं शिंग ह्याच्यापेक्षा सरळ असेल, म्हणाला. ते वाकडं होतंच. एका टोकापासून सरळ निघायचं, मध्ये कुणी हाक मारल्यासारखं मान वळवायचं, आणि परत वाटेला लागायचं. साल सोलल्यावर आतली रेघ दिसली. धाकट्या डहाणूच्या खाडीवर ओहोटीनंतर चिखलात वळ्या उमटतात, तशा बारीक लाटा. एका जागी दोन, मग थोडं सरळ, मग एक जरा रुंद. आणि मुठीच्या वर, लाकडाच्या जवळजवळ मध्यावर, एक गाठ. गाठीपाशी सगळ्या रेघा दोन्ही अंगांनी फाकल्या होत्या आणि पलीकडे जाऊन पुन्हा एक झाल्या होत्या. पाणी दगडाला वळसा घालतं तशा.

लडक्यानं डाव्या हाताचं बोट त्या रेघेवरून फिरवलं.

"ही तोडायची नाही, पोरी. ती जाईल तिकडं आपण जायचं. सरळ करायला गेलीस आणि रेघ तुटली, का धनुष्य तिथंच मोडेल. वाकडं होऊ दे. अखंड पाहिजे."

"आणि गाठ? ती कापायची का?"

"गाठीला हात लावायचा नाही. तिच्या भोवतीनं जायचं. गाठीला काही होत नसतं. मोडतं ते आजूबाजूचं."

निलमला ते काम आवडलं. आधी कोयत्यानं तासलं, मग फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडायला घेतलं. काचेखालून पातळ पापुद्रे निघायचे, वळून मांडीवर पडायचे, त्यांना मधासारखा आणि धुरासारखा वास यायचा. लाकूड वर चढलं की काचही वर न्यायची, उतरलं की खाली. कधीकधी तिला वाटायचं, आपण काही करतच नाही, आधीच ठरलेल्या वाटेनं नुसतं चालतो आहोत. झोळीतून रुचिकाचा श्वास ऐकू यायचा. बाहेर बुधीबाई लाल मिरच्या निवडायची. निलमला तेव्हा कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की सुख म्हणतात ते हेच.

पहिल्या बारीक लाटेवरून काच गेली आणि जमिनीतून बैलगाडी गेली. झाकण थरथरलं. अंगठ्याला बांधलेली दोरी तारेसारखी झणझणली. बाहेरून आवाज आला, "गेला."

निलम हसली. दुसरी लाट तिनं दुसऱ्या दिवशी खरवडली. पुन्हा झाकण वाजलं.

ती बारावी सायन्स झालेली होती. धक्के रोजचेच आहेत आणि आपलं खरवडणंही रोजचंच, तेव्हा दोन्ही कधीतरी एकत्र येणारच, असं तिनं मनाला सांगितलं. मग एक अख्खी दुपार ती मुद्दाम सरळ भागावरच काच फिरवत बसली. काहीच झालं नाही. रुचिका उठून रडली, तेवढंच. त्यानंतरच्या दुपारी तिनं रुंद लाट घेतली. काच लाटेच्या माथ्यावर असताना आवाज आला आणि लाट उतरून काच सरळीला लागेपर्यंत थांबला नाही. मडक्यातलं पाणी किती तरी वेळ हिंदकळत राहिलं. रुंद लाट, लांब धक्का.

रात्री जेवताना तिनं अमृतला सांगितलं. त्यानं घास थांबवून ऐकलं आणि गंभीर तोंडानं म्हणाला, "मग उद्यापासून जरा हळू घास. आज शेठचा चहा माझ्या पँटवर सांडला." दोघंही हसली. तिला बरं वाटलं. हसण्यावारी नेलेली गोष्ट निम्मी होते.

सासऱ्याला मात्र तिनं सकाळी, अंगणात एकटा बसलेला बघून, विचारलं. आधी कुणाच्या हातून असं झालं होतं का?

लडक्यानं शेळ्यांकडे बघतच उलट विचारलं.

"गाठीपाशी पोचलीस?"

"अजून नाही."

"मग आता सावकाश," तो म्हणाला, आणि तोंड फिरवलं.

निलमनं काम थांबवलं. लाकूड कोपऱ्यात उभं केलं, वर गोणपाट टाकलं. अमृतनं विचारलं तर म्हणाली, थंडीनं हात फुटलेत.

त्यानंतर जमीन अगदी गप्प झाली. एकही धक्का नाही. मडक्यावरचं झाकण नुसतं मडक्यावर बसून राहिलं. पाड्यातले लोक म्हणू लागले की सुटलो एकदाचे. बुधीबाई मात्र भाकरी टाकताना मध्येच हात थांबवून ऐकत राहायची, आणि काही ऐकू आलं नाही की भाकरी करपायची. शेळ्या रात्री गोठ्यात बसायच्या बंद झाल्या. उभ्यानंच रवंथ करायच्या.

एका दुपारी निलमला राहवलं नाही. तिनं गोणपाट काढलं आणि लाकडावरून अंगठा फिरवला. गाठीपाशी तो अडला. भोवतीची कड वर आली होती. आधी तिथे हात घसरत जायचा, आता उंबऱ्यासारखी उंच लागत होती. दहा पावसाळे धुरात वाळलेलं लाकूड फुगत नाही. तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा हात लावला. कड अजून थोडी वर आली होती.

झोळीत रुचिका झोपली होती. झोळीच्या वर तुळई, तुळईवर कौलं, आणि मागे अमृतच्या हौसेची विटांची भिंत. निलम त्या तिन्हींकडे एकामागून एक बघत राहिली. येणार असेल तर येईलच, तिनं विचार केला. पण मग मी म्हणेन तेव्हा येऊ दे. पोर माझ्या मांडीवर असताना, उघड्यावर.

शेजारच्या लहान्याच्या घरी त्याच्या पोराचं, सुनिलचं, लग्न होतं. अंगणात मांडव घातला होता, आंब्याच्या डहाळ्यांचा. जेवणाच्या दिवशी अख्खा पाडा तिथे लोटला. अमृतनंही सुटी काढली होती, पण सकाळीच दुकानातून फोन आला म्हणून तो अच्छाडला जाऊन यायचं म्हणाला. निलमनं त्याला थांबवलं नाही. तिला तो कोणत्याही छपराखाली नको होता, आणि मोटरसायकलला छप्पर नसतं, ट्रकची टायरंही हायवेच्या कडेला उघड्यावरच उतरवतात.

तिनं सासू-सासऱ्यांना घेतलं, रुचिकाला कडेवर घेतलं, शेळ्या सोडून दिल्या आणि अर्धवट झालेलं धनुष्य खांद्यावर टाकलं. बायकांना आयतंच सापडलं.

"काय गं निलम, नवरदेवावर बाण सोडणार का?"

"अमृतभाऊ पळालाय वाटतं. त्याच्यामागं निघाली ही."

ती हसली. मांडवाबाहेर, जिथे वर नुसतं आभाळ होतं, तिथे चटई टाकून बसली. आणि मग पाड्यातली घरं एकेक करून डोळ्यांनी चाचपली. सगळ्यांची दारं ओढलेली होती. उघडं होतं फक्त लहान्याच्याच घराचं. आत खाटेवर त्याची म्हातारी आई गंगी पडून होती.

निलम आत गेली. बाहेर चला म्हणाली. गंगीनं मान हलवली. माझ्याकडं कोण बघणार आहे, मी इथंच बरी.

"नवरी पाया पडायला येतेय, आजी. बाहेर उजेडात. आत अंधारात फोटो येत नाही."

फोटोचं नाव काढल्यावर म्हातारीनं केस नीट केले. चार बायकांनी खाट उचलून बाहेर आणली, आणि नवरीला खरोखरच पाया पडावं लागलं. बुधीबाई सुनेच्या जवळ आली, तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग रुचिकाला घट्ट मांडीवर घेऊन बसली.

डीजे जेवणासाठी बंद झाला. पत्रावळी मांडल्या गेल्या. भाताची वाफ, मटणाचा वास, पोरांचा गलका. निलमनं काच काढली. लडक्या येऊन तिच्या समोर बसला.

तिनं काच कडेच्या पायथ्याशी टेकवली.

सरळ एका घावात कड उडवावी, संपवून टाकावं, असं क्षणभर मनात आलं. सासऱ्यानं मान हलवली. नाही.

ती रेघेबरोबर वर चढली. रेघ फाकली तिथे उजवीकडून गेली. गाठीला वळसा घातला. मग परत मागे येऊन डावीकडून. पापुद्रा तुटला नाही. एकच लांब, अखंड, वळत वळत तिच्या मांडीवर उतरला.

दोन्ही रेघा पलीकडे एक झाल्या.

काही झालं नाही.

कुणीतरी वरण मागितलं. गंगी खाटेवरून म्हणाली, फोटो दाखवा.

निलमनं श्वास सोडला.

मग कावळे उडाले. सगळे, एकदम, आवाज न करता.

जमीन वर आली आणि खाली बसली. पत्रावळींतला भात उडाला. मांडवाच्या डहाळ्या वाऱ्याशिवाय सळसळल्या. बायका पोरांवर ओणव्या झाल्या. निलमनं बुधीबाईला आणि रुचिकाला एकाच मिठीत धरलं होतं, आणि त्या दोघींच्या डोक्यांवरून तिला दिसत होतं की आपल्या घराच्या दिशेला लाल धूळ सावकाश उभी राहते आहे.

विटांची भिंत आत पडली होती. तुळई तिच्याबरोबर आलेली. झोळी विटांखाली होती, लुगड्याचा एक काठ तेवढा बाहेर. लहान्याच्या घराची कौलं गंगीची खाट असायची त्याच जागी ढीग होऊन पडली होती. शेळ्या डोंगराच्या वाटेवर उभ्या राहून खाली बघत होत्या. पाड्यात कुणाच्या अंगावर ओरखडा नव्हता. लग्नानं वाचवलं, सगळे म्हणाले. सुनिलच्या बायकोचा पाय चांगला म्हणून तिला दुसऱ्यांदा ओवाळलं.

अमृत आला तो मोटरसायकल आडवी टाकून. रुचिकाला निलमच्या कडेवर बघितलं आणि तिथेच खाली बसला. मग उठून विटा बाजूला केल्या, झोळीचं लुगडं ओढून काढलं, झटकलं, आणि घडी करायला लागला. घडी त्याला जमेना. निलमनं त्याच्या हातातून घेतली.

"आता कुडाचीच घालू," तो म्हणाला.

"हो."

शेठच्या चहाची गंमत त्यानं पुन्हा कधी केली नाही.

धनुष्य पुरं झालं. लडक्यानं निलमकडून त्याला बांबूच्या सालीची दोरी लावून घेतली. दिसायला ते सरपटत्या सापासारखं होतं, पण ओढलं की दोन्ही बाजू सारख्या वाकायच्या. अंगणात त्यानं ते डाव्या हातानं आडवं धरलं, उजवीकडून अमृतनं. रुचिकानं आधी ते चाटलं. मग पकडलं, ढुंगण वर केलं, आणि गाठीवर हाताची मूठ ठेवून उभी राहिली. बुधीबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. जमीन जराही हलली नाही. कित्येक दिवस हलली नाही.

नवी भिंत लिंपून झाली. मधल्या खोलीची जमीन सारवायला निलमनं एक सकाळ काढली. शेण कालवलं, आतल्या कोपऱ्यातून सारवत मागे सरकत आली. रुचिका शेजारी बसलेली, तिच्या हाताला ओलं लागलं. तिनं बोट टेकवलं आणि रांगता रांगता ओढत नेलं.

निलम कौतुकानं बघत राहिली. रेघ सरळ निघाली. मग दोन बारीक लाटा. मग थोडं सरळ. मग एक रुंद.

निलमचा हात थांबला.

पोर जिथे काहीच नव्हतं तिथे वळली, वळसा घालून पुढे गेली, परत फिरली, दुसऱ्या बाजूनं तसाच वळसा घातला. धनुष्यात रेघ इथून पुढे टोकापर्यंत सरळ होती, निलमच्या बोटांना ते पाठ होतं. रुचिकाची रेघ सरळ गेली नाही. पुढे लाट होती. वितीपेक्षा रुंद. तिच्यापुढे आणखी रुंद. जात्यापाशी बोटाचं शेण संपलं, तिथे रेघ थांबली, आणि रुचिका आईकडे बघून हसली. दोन दात दिसले.

दारात लडक्या उभा होता. तो किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याची नजर रेघेच्या टोकावर होती.

निलमनं हात पुन्हा शेणात बुडवला. रेघेच्या अलीकडून, पलीकडून, तिला कुठेही न तोडता, ती उरलेली जमीन सारवत गेली. मग पोरीचे हात धुतले, बोटन् बोट, नखं पुसली, तिला पाजलं. आतलं वाळेपर्यंत झोळी अंगणातल्या आंब्याला टांगली. रुचिका लगेच झोपली. निलम थोडी दूर, उन्हात बसली, दोरी अंगठ्याला बांधून. ऊन छान होतं. शेळ्या बसून रवंथ करत होत्या. डोळा लागला असावा.

जाग आली तेव्हा दोरी तशीच होती, पोर तशीच झोपलेली. निलमची नजर सवयीनं दाराकडे गेली. उंबऱ्याखालून केसाएवढी बारीक भेग बाहेर आली होती. अंगणाच्या वाळलेल्या सारवणातून ती लाटा घेत घेत आंब्यापर्यंत पोचली होती. तिथे ती फाकली होती, गाठीला वळसा घालावा तशी झोळीच्या दोन्ही अंगांनी वळली होती, आणि पलीकडे पुन्हा एक होऊन पाड्याकडे गेली होती.

निलम भेगेच्या बाहेर बसलेली होती. झोळीची दोरी तेवढी भेगेवरून तिच्याकडे आली होती.

तिनं अंगठा सोडवला नाही. सावकाश, पोरीची झोप मोडणार नाही इतक्या सावकाश, ती पाय हलवत राहिली.